फीत, यंत्र आणि नोंदवही

मंडळी, टेप आता कोण वापरतं, असं हल्ली सगळेच म्हणतात. गाण्यांच्या कॅसेटी माळ्यावर गेल्या तेव्हाच टेपचा जमाना संपला, असा आपला समज. खरं म्हणजे ती आपल्या घरातून गेली, मोठमोठ्या संगणकांच्या दालनांतून गेलेली नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलच्या एका सदोष प्रोग्रॅममुळे जीमेल वापरणाऱ्यांपैकी सुमारे ०.०२ टक्के लोकांच्या पत्रपेट्या एकाएकी रिकाम्या दिसू लागल्या. पत्रांच्या अनेक प्रती ठेवलेल्या होत्या, पण त्या चुकीने प्रतींनाही गाठलं. शेवटी पत्रं परत मिळाली ती टेपवरून. जी फीत कपाटात स्वस्थ पडलेली असते, कुठल्या तारेला जोडलेली नसते, तिच्यापर्यंत अशी चूक पोहोचत नाही.

या फितीचा इतिहास मोठा रंजक आहे. १९५१ मध्ये अमेरिकेच्या जनगणना खात्याला युनिव्हॅक संगणक मिळाला. त्याची फीत चक्क धातूची होती. फॉस्फर ब्राँझची अर्धा इंच रुंदीची पट्टी आणि तिच्यावर निकेलचा मुलामा. पुढच्याच वर्षी आयबीएमने ७२६ नावाचं यंत्र आणलं. त्याची फीत प्लास्टिकची, वेग सेकंदाला ७५ इंच. आता अडचण अशी, की संगणकाला फीत क्षणात चालू आणि क्षणात बंद करावी लागते. जड रिळाला असा हिसका दिला तर फीत तटकन तुटणार. त्यावर इलाज काढला तो असा: वाचणाऱ्या भागाच्या दोन्ही अंगांना हवा शोषून घेणाऱ्या उभ्या नळ्या ठेवल्या आणि फितीचा सैल झोळ त्यांत सोडला. हिसका बसला तर त्या झोळाला बसेल, रिळाला नाही. पतंग उडवणाऱ्यांना ढील म्हणजे काय ते मी सांगायला नको!

पुढे फिती इतक्या वाढल्या, की त्यांची वाचनालयंच झाली. संगणक निरोप द्यायचा, अमुक क्रमांकाची फीत लावा. मग माणूस उठून मांडणीवरून ती शोधून आणायचा आणि यंत्रावर चढवायचा. हे काम यंत्राकडे सोपवायचा एक मोठा प्रयत्न म्हणजे आयबीएमचं १९७४ चं ३८५० यंत्र. मधाच्या पोळ्यासारख्या खणांत फितीच्या छोट्या दंडगोल डब्या, जास्तीत जास्त ९४४०, आणि प्रत्येकीत पाच कोटी अक्षरं. १९८७ मध्ये स्टोरेजटेक कंपनीने अख्ख्या खोलीएवढं कपाट काढलं. भिंतींवर सुमारे ६००० चौकोनी डब्या आणि मधोमध एक यांत्रिक हात. तो डबीवरचं लेबल कॅमेऱ्याने वाचायचा, डबी उचलायचा आणि यंत्रात घालायचा.

अशी टेप लायब्ररी सर्व्हरला जोडताना काय काय करावं लागतं ते वाचून मला शाळेचं ग्रंथालय आठवलं. प्रत्येक डबीवर पट्ट्यापट्ट्यांचा बारकोड, म्हणजे आपला दाखल क्रमांक. प्रत्येक खणाला नंबर. फीत वाचणाऱ्या प्रत्येक ड्राइव्हलाही नंबर. यातली खरी मेख अशी, की यांत्रिक हात ज्या ड्राइव्हला पहिला म्हणतो, त्यालाच सर्व्हरनेही पहिला म्हटलं पाहिजे. ही जोडी चुकली, तर हात एका ड्राइव्हमध्ये फीत घालतो आणि सर्व्हर दुसऱ्याच ड्राइव्हच्या तोंडाकडे बघत बसतो. फीत शाबूत, यंत्र धडधाकट, आणि काम मात्र ठप्प! कुठल्या फितीवर काय लिहिलं आहे याची यादी गहाळ झाली, तर त्याहून कठीण. मग एकेक फीत लावून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. चुकीच्या कपाटात गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा, हे ग्रंथपालांना पक्कं ठाऊक असतं.

पण फीत आहे, यादीही आहे, आणि वाचणारं यंत्रच उरलं नाही तर? १९६६-६७ मध्ये नासाच्या पाच लुनार ऑर्बिटर यानांनी चंद्राची छायाचित्रं पाठवली. ती सुमारे १५०० फितींवर उतरवून ठेवली होती. त्या वाचणारी एफआर-९०० यंत्रं अजस्र आणि दुर्मिळ. नॅन्सी इव्हान्स या अभिलेखपाल बाईंनी फिती टाकून देऊ दिल्या नाहीत आणि यंत्रं पुढे आपल्या घरच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं सांभाळली. नोव्हेंबर २००८ मध्ये डेनिस विंगो आणि कीथ काउइंग यांच्या चमूने दुरुस्त केलेल्या यंत्रावरून पहिलं चित्र बाहेर काढलं: चंद्राच्या क्षितिजावर उगवलेली पृथ्वी, ऑगस्ट १९६६ मध्ये टिपलेली. हे काम चाललं होतं ते मॅकडोनाल्डच्या बंद पडलेल्या उपाहारगृहात!

उलट अपोलो ११ च्या मूळ फितींना कोणी वाली भेटला नाही. त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासाने २००९ मध्ये काढला. चंद्रावरच्या पहिल्या पावलाचं दूरदर्शनवर दिसलेलं चित्रण आपल्याकडे आहे, मूळ नाही.

आपल्याला हा अनुभव नवा नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत, बहुतेक मोडीतले. कागद टिकले, शाईही टिकली, पण मोडी भराभर वाचणारे विरळ झाले. संगणकाच्या जगात हेच फार वेगाने घडतं, एवढाच फरक. २००० मध्ये सुरू झालेल्या एलटीओ जातीच्या पहिल्या फितीवर १०० गिगाबाइट मावत. २०२१ मधल्या नवव्या पिढीच्या फितीवर १८,००० मावतात. पण २०२५ मध्ये आलेल्या दहाव्या पिढीच्या ड्राइव्हला ही नववी फीतही वाचता येत नाही. म्हणून शहाणे लोक ठरावीक वर्षांनी जुन्या फितींवरचं सगळं नव्या फितींवर उतरवून घेतात. पूर्वी पोथ्या जीर्ण व्हायच्या आत त्यांच्या नकला करत, तसंच हे.

जपणं म्हणजे कुलूप लावून ठेवणं नव्हे, हे इतिहास शिकवताना मी मुलांना सांगत असे. वस्तू, ती वाचायची सोय आणि तिची नोंद, ही तिन्ही एकत्र जगली तरच स्मृती जगते. आणि त्या तिघांच्या मागे काळजी करणारं एक माणूस लागतंच.

असो. नातेवाईक मंडळींसाठी एक शेवटची गोष्ट. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी म्हणून ओळखली जाणारी जपानची फुनाई हिने जुलै २०१६ मध्ये त्यांचं उत्पादन थांबवलं. तुमच्या कपाटात लग्नामुंजींच्या व्हिडिओ कॅसेट असतील, तर एखादा चालू व्हीसीआर मिळतोय तोवर त्या उतरवून घ्या. आणि कॅसेटवर कोणाचं लग्न, कोणतं साल, तेही लिहून ठेवा.