आखाजीपर्यंतची वैरण

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

वसंत म्हटला की आपल्याला आंब्याचा मोहोर, पळसाची फुले आणि कोकिळा आठवते. मुक्ताईनगरच्या बाजूला दोन-चार एकराच्या धन्याला फाल्गुन-चैत्रात पहिली आठवण येते ती वैरणीची. माघातली चांगदेव-मुक्ताईची यात्रा आटोपली, होळी पेटली, की ऊन चढू लागते आणि रानातला हिरवा चारा संपतो. तिथपासून मिरगाचा पाऊस पडून गवत उगवेपर्यंत चार महिने काढायचे असतात. या चार महिन्यांत जनावर जगवले तरच पेरणी होणार, हे गणित आपल्या बापजाद्यांनी शेकडो वर्षे मांडले.

गणित सोपे आहे. जनावराला रोज त्याच्या वजनाच्या साधारण दोन-अडीच टक्के कोरडा चारा लागतो. चारशे किलोचा बैल धरला तर आठ ते दहा किलो. जोडीला चार महिन्यांत वीस ते चोवीस क्विंटल. शिवाय गाय, एखादी म्हैस, वासरू आहेच. एवढी गंजी दारात नसेल तर चैत्रातच एक बैल बाजारात न्यावा लागतो. आणि एक बैल विकला म्हणजे अर्धी नव्हे, सगळी शेती अडते.

ही गंजी रचली जायची दादरच्या जिवावर. दादर म्हणजे खान्देशातली रब्बी ज्वारी. तापी-पूर्णेच्या काठच्या काळ्या जमिनीत, पावसाळ्यातल्या ओलीवर, पाणी न देता येणारी. भाकरी पांढरी आणि गोड, पण शेतकरी ती पेरताना नुसत्या भाकरीकडे पाहत नसे. पुरुषभर उंचीच्या वर जाणारा कडबा हे तिचे अर्धे मोल. फाल्गुनात दादर कापायची, कणसे खुडायची, पेंढ्या बांधायच्या. खळे आधीच पाणी मारून, चोपून, शेणाने सारवून तयार असे. मधोमध तिवडा रोवून बैलांची पात धरली जायची. नंतर वारा पाहून उफणणी. खळ्यावर काम चालू असताना बैलाच्या तोंडाला मुसके बांधावे की नाही यावर घराघरांत मतभेद असत. बहुतेक म्हातारी माणसे मुसके काढायला लावत, कारण त्या धान्यात बैलाचा वाटा आहे असे ती मानत.

खळ्यावरून धान्य कणगीत जाई, हरभऱ्याचे आणि तुरीचे कुटार कोठ्यात. आपल्याकडे गोठ्याला कोठा म्हणतात. गव्हाचा भुसा वेगळा, कुटार वेगळे, कडबा वेगळा. कुटार दुभत्या जनावराला, कडबा बैलाला, आणि सरकीची ढेप फक्त नांगरटीच्या दिवसांत. घरातली बाई हे वाटप करी. पुरुष नांगर धरतो म्हणून शेती त्याच्या नावाची, पण जनावराचे पोट, शेण-गोवऱ्या, वासराची पाजणी, शेळ्यांची करडे, कोंबडीची खुडूक या सगळ्याचा हिशोब तिच्याकडेच. बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात पिकतात, त्या गोळा करून शेळ्यांना घालायच्या, हे कामही बायका-पोरांचेच. शेळीच्या दुधाचा आणि विकलेल्या बोकडाचा पैसा हा तिच्या हातातला एकमेव रोख पैसा असे. आपल्या शेतीच्या इतिहासात या खात्याची नोंद फारशी कुणी केली नाही.

आता थोडे मागे जाऊ. मुक्ताईनगरचे जुने नाव एदलाबाद. खान्देश, वऱ्हाड आणि निमाड या तीन प्रांतांच्या तिठ्यावर हे गाव बसले आहे. त्यामुळे इथल्या दावणीला तिन्हीकडचे बैल दिसत. तांबड्या अंगावर पांढरे ठिपके असलेला काटक निमाडी, पांढराशुभ्र चपळ खिल्लार, आणि वऱ्हाडकडचा गावठी. सावद्याचा, वरखेडीचा, चोपड्याचा गुरांचा बाजार म्हणजे या तीन प्रांतांची गाठभेट. दात पाहून वय, खूर पाहून चाल आणि शेपटी पाहून स्वभाव ओळखणारी माणसे तिथे असत. सौदा उपरण्याखाली बोटांवर होई.

या जुन्या घडीला पहिला मोठा धक्का कपाशीने दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी आपल्याकडे तोंड वळवले. भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला. त्याआधी लमाणांचे बैलांचे तांडे जो माल महिनोन्‌महिने वाहत, तो आता दिवसांत मुंबईला पोहोचू लागला. शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा आला, ही गोष्ट खरी. पण कपाशीच्या शेतातून कडबा निघत नाही. निघतात त्या पऱ्हाट्या, आणि पऱ्हाट्या चुलीत जातात, गव्हाणीत नाही. कपाशीचा एक एकर वाढला म्हणजे वैरणीचा बहुधा एक एकर कमी झाला. पुढे १८७८ चा वन कायदा आला आणि सातपुड्यातल्या चराईवरही परवाने व शुल्क आले. वैरण शेतातूनही कमी, रानातूनही कमी, अशी ही कोंडी होती.

तिचा हिशोब १८९९-१९०० च्या दुष्काळात चुकता झाला. संवत १९५६ चा म्हणून गुजरात-राजस्थानाकडे त्याला छप्पन्या म्हणतात. खान्देशातही पाऊस दडी मारून बसला. धान्य रेल्वेने दुसरीकडून आणता येत होते. चारा मात्र आकाराने मोठा आणि भावाने स्वस्त, तो दुरून आणणे कोणालाच परवडणारे नव्हते. गुरे मोठ्या संख्येने मेली. पुढच्या मिरगाला पाऊस आला, पण औत ओढायला बैल नव्हते. दुष्काळ पावसाने संपतो हा आपला समज इथे खोटा ठरतो. जोडी मेलेल्या घराचा दुष्काळ नवी जोडी येईपर्यंत संपत नाही, आणि नवी जोडी सावकाराकडूनच येते.

भुकेखालोखाल भीती रोगाची. बुळकांडी हा शब्द आजच्या तरुण शेतकऱ्याला ठाऊकही नसेल. एका आठवड्यात अख्खी दावण रिकामी करणारा हा रोग. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७१ मध्ये आला. १८८६ मध्ये मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. १८८९ मध्ये पुण्यात जंतुशास्त्राची प्रयोगशाळा सुरू झाली आणि काही वर्षांतच ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली. तिथे पुढे बुळकांडीच्या लशीवर मोलाचे काम झाले. १९५४ मध्ये देशभर लसीकरणाची मोहीम निघाली, १९९५ मध्ये देशात शेवटची लागण झाली आणि २०११ मध्ये जगातून हा रोग हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसराच रोग. याचा उत्सव कुणी केला नाही, ही मला जरा खंतच वाटते.

घटसर्प आणि फऱ्या मात्र अजून आहेत. त्यांच्या लसी पावसाळ्याआधी, म्हणजे वैशाख-जेठातच टोचून घ्याव्या लागतात. वैशाखातल्या कामांच्या यादीत लोहाराकडून वखराची पास शेवटून आणणे, बैलांना पत्र्या ठोकणे, धाब्यावर खारी माती टाकणे, उकिरड्यातले शेणखत गाडीने शेतात पाडणे ही कामे होतीच, त्यात विसाव्या शतकात हे एक नवे काम आले. ते टाळले तर काय होते हे आपण २०२२ मध्ये जवळून पाहिले. त्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या लम्पीच्या त्या वर्षीच्या साथीची पहिली नोंद शेजारच्या रावेर तालुक्यातल्या चिनावलला झाली. लस बाहेरून मागवावी लागली, गुरांचे बाजार बंद झाले, आणि ऐन पोळ्याला बैल कोठ्यातच राहिले.

पाण्याचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मोट चालत होती तेव्हा थारोळ्यात पडलेल्या पाण्यावर गुरे तोंड लावत. इंजिने आली, मग विजेचे पंप आले, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जळगावातूनच ठिबक सर्वदूर गेले. केळीला त्याने जीवदान दिले, यात शंका नाही. पण शेतात उघडे पाणी उरले नाही. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात जनावराला पाणी पाजायचे तर बादली भरून न्यावी लागते किंवा हाळ बांधावा लागतो. हतनूरच्या फुगवट्याकाठची गावे त्या मानाने सुखी.

या सगळ्या कामांचा शेवट व्हायचा आखाजीला. अक्षय तृतीया हा खान्देशातला वर्षाचा सांधा. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, पितरांची घागर भरतात. त्याच दिवशी सालदाराचे साल संपते आणि नवे ठरते. धान्य किती, रोख किती, वहाणा आणि कपडे कोणाचे, हे बोलून होई. आणि एक गोष्ट न बोलता ठरे, की कोठ्यात निजायचे ते सालदाराने. रात्री बैल सुटला, साप निघाला, गाय अडली, तर पहिला उठणार तो. जनावरांची निगा त्याच्याइतकी धन्याला कळत नसे, हे कबूल करायला हवे. त्याच्या मालकीची मात्र बहुधा एकही शेपूट नसे.

पशुगणनेचे आकडे सांगतात की २०१२ मध्ये देशात सुमारे ६ कोटी ७९ लाख नर गोवंश होता, तो २०१९ मध्ये ४ कोटी ७४ लाखांवर आला. सात वर्षांत तीस टक्के घट. ट्रॅक्टर हे कारण आहेच. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्या कायद्याच्या दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. छोट्या शेतकऱ्यापुरते एवढे खरे, की म्हातारा बैल विकून नव्या गोऱ्ह्याला पैसे जोडण्याची जुनी वाट बंद झाली. पण मला वाटते सर्वांत मोठे कारण गंजीचेच. दादरचा पेरा आटला, कपाशी आणि केळी वाढली, गहू यंत्राने निघू लागला आणि भुसा शेतातच उडून गेला. मक्याने थोडा हात दिला, एवढेच.

तरी मुक्ताईनगरच्या आसपास एखाद्या शेताच्या कडेला अर्धा एकर दादर अजून उभी दिसते. विचारले तर शेतकरी सांगतो, खायला नाही हो, भाकरीपुरती ज्वारी बाजारात मिळते. हा कडबा आहे. जोडी ठेवलीय ना घरी.