नर्सिंगचं सर्टिफिकेट दुसऱ्या राज्यात चालतं का? हिंगोलीहून हैदराबादला जाण्याआधी हे समजून घ्या

हिंगोलीकरांना हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ पडतं. 1956 पर्यंत तर हा सगळा भाग हैदराबाद राज्यातच होता. त्यामुळे उपचारासाठी किंवा कामासाठी तिकडे जाणं इथल्या लोकांना नवीन नाही. नर्सिंगचा कोर्स केलेले अनेक जण तिथल्या हॉस्पिटलमध्ये नोकरी शोधतात. काही मुली लग्नानंतर तेलंगणात राहायला जातात.

तिथे गेल्यावर प्रश्न येतो तो रजिस्ट्रेशनचा. महाराष्ट्रात मिळवलेलं सर्टिफिकेट तेलंगणात चालतं का? ते ट्रान्सफर करावं लागतं का?

याचं उत्तर तुमच्याकडे नेमका कोणता कागद आहे, त्यावर अवलंबून आहे.

तुमचा कोर्स कोणता?

बोलीभाषेत सगळ्यालाच 'नर्सिंग केलंय' असं म्हणतात. प्रत्यक्षात यात तीन वेगवेगळे प्रकार आहेत.

पहिला प्रकार जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे जीडीए. रुग्णाला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलायला मदत करणं, बेड आवरणं, नर्सच्या हाताखाली काम करणं हे या कोर्समध्ये शिकवतात. हा केंद्र सरकारच्या कौशल्य विकास योजनांमध्ये शिकवला जाणारा अल्प मुदतीचा कोर्स आहे.

दुसरा प्रकार एएनएम, जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंग. महाराष्ट्रात एएनएम आणि जीएनएमची परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. बीएस्सी नर्सिंगची परीक्षा नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं. पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे, म्हणजेच महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. ही नोंदणी झाली की कायद्याच्या भाषेत तुम्ही नर्स होता.

तिसरा प्रकार खासगी संस्थांच्या सहा महिन्यांच्या किंवा वर्षभराच्या 'नर्सिंग' सर्टिफिकेटचा. त्याबद्दल पुढे पाहू.

जीडीए असेल तर काय?

जीडीएची नोंदणी कोणत्याच राज्याची नर्सिंग कौन्सिल करत नाही. त्यामुळे ट्रान्सफरचा प्रश्नच येत नाही. हे सर्टिफिकेट राष्ट्रीय कौशल्य आराखड्यानुसार दिलेलं असतं आणि देशभर एकच असतं. हिंगोलीत कोर्स केला तरी हैदराबाद किंवा बंगळुरूच्या हॉस्पिटलला ते दाखवता येतं.

त्यामुळे 'जीडीए ट्रान्सफर करून देतो' म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर देऊ नका. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. जीडीएवर नर्स म्हणून नोकरी करता येत नाही, ना महाराष्ट्रात ना दुसऱ्या राज्यात.

एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी असेल तर?

इथे मात्र नोंदणी दुसऱ्या राज्यात न्यावी लागते. भारतात नर्सची नोंदवही प्रत्येक राज्याची वेगळी असते. महाराष्ट्राची नोंदवही 1966 च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्यानुसार चालते. तेलंगणाची वेगळी आहे, कर्नाटकाची वेगळी.

पण याचा अर्थ परत परीक्षा द्यायची असा नाही. 1947 च्या भारतीय नर्सिंग परिषद कायद्यात स्पष्ट म्हटलं आहे की, मान्यताप्राप्त पात्रता कोणत्याही राज्यात नोंदणीसाठी पुरेशी आहे. म्हणजे तुमचं शिक्षण देशभर चालतं, फक्त नाव नव्या राज्याच्या वहीत चढवावं लागतं.

प्रक्रिया कशी असते?

साधारण टप्पे असे आहेत:

1. महाराष्ट्रातली नोंदणी चालू आहे का ते बघा. तिचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. मुदत संपली असेल तर आधी ते करून घ्या.

2. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे ना-हरकत प्रमाणपत्रासाठी, म्हणजे एनओसीसाठी अर्ज करा. तुमची नोंदणी खरी आहे आणि तुमच्यावर कारवाई झालेली नाही, याची खात्री नव्या राज्याला मूळ परिषदेकडूनच हवी असते.

3. ज्या राज्यात जायचं आहे, तिथल्या कौन्सिलकडे अर्ज करा. दहावी-बारावीच्या आणि कोर्सच्या मार्कशीट, डिप्लोमा किंवा पदवी, मूळ नोंदणी प्रमाणपत्र, आधार आणि फोटो ही कागदपत्रं तयार ठेवा. यादी आणि फी राज्यानुसार बदलते. त्यामुळे त्या कौन्सिलच्या अधिकृत वेबसाइटवरची ताजी माहितीच धरा.

4. पडताळणी झाल्यावर नव्या राज्याचा नोंदणी क्रमांक मिळतो.

भारतीय नर्सिंग परिषदेने नर्सेसची देशपातळीवरची ऑनलाइन नोंदही सुरू केली आहे. त्यात प्रत्येक नर्सला एक राष्ट्रीय ओळख क्रमांक मिळतो, त्याला एनयूआयडी म्हणतात. तुमचा क्रमांक अजून काढला नसेल तर तो आधी काढून घ्या.

काम कुठे अडतं?

सगळ्यात जास्त घोळ नावात होतो. मार्कशीट आणि नोंदणी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने. कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे नवऱ्याचं. महाराष्ट्रात हे इतकं नेहमीचं आहे की आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, पण दुसऱ्या राज्यातल्या कार्यालयात अर्ज यावरूनच परत येऊ शकतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नाव बदलाची राजपत्रातली नोंद सोबत ठेवा. नाव बदलून घ्यायचं असेल तर ते महाराष्ट्रात असतानाच केलेलं बरं.

दुसरी अडचण वेळेची. दोन राज्यांच्या कार्यालयांमधून कागद फिरतात. त्यामुळे नवा क्रमांक हातात येईपर्यंत शक्यतो सध्याची नोकरी सोडू नका.

सगळ्याच नोकऱ्यांना ट्रान्सफर लागतं का?

नाही. एम्ससारख्या केंद्रीय संस्थांच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत कोणत्याही राज्याच्या कौन्सिलची नोंदणी अर्जासाठी चालते. तेलंगणात बीबीनगरला एम्स आहे, तिच्या जागांसाठी महाराष्ट्राच्या नोंदणीवर अर्ज करता येतो. राज्य सरकारच्या भरतीत मात्र बहुतेक वेळा त्याच राज्याची नोंदणी मागतात, म्हणून जाहिरातीतली अट नीट वाचा.

गुगलवर वेगळंच दिसतं, ते का?

'नर्सिंग असिस्टंट ट्रान्सफर' असं शोधलं की बरीच माहिती अमेरिकेची येते. तिथे 1987 च्या केंद्रीय कायद्यानुसार नर्सिंग असिस्टंटला किमान 75 तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि प्रत्येक राज्य अशा असिस्टंटची वेगळी नोंदवही ठेवतं. म्हणून तिथे असिस्टंटलाही राज्य बदलताना नोंद न्यावी लागते. आपल्याकडे तशी पद्धत नाही. ते नियम इथे लावू नका.

नवा कायदा काय सांगतो?

1947 च्या कायद्याच्या जागी आणण्यासाठी 2023 मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोग कायदा मंजूर केला. त्यात राज्यांच्या नोंदवह्यांसोबत एका राष्ट्रीय ऑनलाइन नोंदवहीची तरतूद आहे.

आणि तो तिसरा प्रकार?

खासगी संस्थेचं सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं 'नर्सिंग' सर्टिफिकेट भारतीय नर्सिंग परिषदेच्या मान्यताप्राप्त कोर्समध्ये बसत नाही. मुळात महाराष्ट्रातच नोंदणी होत नाही, मग ती दुसऱ्या राज्यात नेणार कशी? अनेक घरांना हे कळतं तेव्हा फी भरून झालेली असते आणि वर्षही गेलेलं असतं.

म्हणून हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, कुठेही प्रवेश घेताना संस्थेला एकच प्रश्न विचारा: "कोर्स झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होईल का?" 'हो' म्हणाले तर परिषदेच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत त्या कॉलेजचं नाव स्वतः शोधा. ते सापडल्यावरच फी भरा.