बॉनेट उघडणाऱ्यांचा इतिहास

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत लढाया होत्या, तह होते, सनावळ्या होत्या. घरामागच्या शेडमध्ये ग्रीसने माखलेल्या हातांनी घडवलेला इतिहास मात्र त्यांत नव्हता. इंजिनिअरिंग करून मी सॉफ्टवेअरमध्ये गेले, तरी यंत्रांचा हा इतिहास वाचायची गोडी कायम राहिली. त्यातलंच एक पान आपल्या स्मरणिकेसाठी.

१९३२ साली अमेरिकेत फोर्ड कंपनीने सामान्य माणसाला परवडेल असं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन आणलं. ताकद ६५ अश्वशक्ती. काही वर्षांत या गाड्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातले तरुण त्या घरीच खोलू लागले. सुट्टीच्या दिवशी म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रात ते आपला वेग मोजून घेत. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली.

या मंडळींचं लक्ष गेलं इनटेक मॅनिफोल्डकडे. कार्बोरेटरमधून आलेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण प्रत्येक सिलिंडरपर्यंत पोचवणारी ही नळ्यांची जोडणी. वाड्यात एका नळावर आठ बिऱ्हाडं असावीत, तसा हा प्रकार: कुणाला भरपूर, कुणाला बारीक धार. कंपनीचा मॅनिफोल्ड रोजच्या शांत वापरासाठी बेतलेला होता. इंजिन जोरात फिरू लागलं की त्याला श्वास अपुरा पडे.

लॉस एंजेलिसमध्ये गॅरेज चालवणाऱ्या व्हिक एडेलब्रॉक यांनी १९३८ साली १९३२ची फोर्ड रोडस्टर घेतली आणि तिच्यासाठी दोन कार्बोरेटर बसतील असा मॅनिफोल्ड स्वतः तयार केला. त्याचं नाव 'स्लिंगशॉट', म्हणजे गलोल. नोव्हेंबर १९४१मध्ये रोझामंडच्या कोरड्या तळ्यावर ही गाडी ताशी १२१.४२ मैल, म्हणजे सुमारे १९५ किलोमीटर वेगाने धावली. बघणाऱ्यांनाही तसाच मॅनिफोल्ड हवा झाला. १९४६ साली एडेलब्रॉक यांनी सुट्या भागांची पहिली सूची छापली.

हा भाग घरी बदलता येई, कारण इंजिनावरची बसण्याची जागा आणि बोल्टची भोकं ठरलेली होती. आमच्या क्षेत्रात याला इंटरफेस म्हणतात. कार्बोरेटर आणि पेट्रोलची नळी सोडवायची, नट काढायचे, मॅनिफोल्ड उचलायचा. उघड्या भोकांत लगेच स्वच्छ फडकं कोंबायचं, कारण आत पडलेला एक नट अख्खं इंजिन खाऊ शकतो. जुनं पॅकिंग खरवडायचं, फडकी आठवणीने काढून नवं पॅकिंग ठेवायचं आणि नट मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. एकच कोपरा आधी घट्ट केला तर दुसरीकडे फट राहते, तिथून फुकटची हवा आत शिरते आणि इंजिन अडखळतं.

पुढे मोठ्या कंपन्यांनीही यात डोकं घातलं. क्रायसलरने १९६०च्या ३००-एफ गाडीला ३० इंच लांबीच्या नळ्या दिल्या. व्हॉल्व्हच्या उघडझापीने नळीतल्या हवेत दाबाच्या लाटा उठतात आणि टोकावरून परततात. नळीची लांबी नेमकी असेल, तर परतणारी लाट व्हॉल्व्ह उघडायच्या वेळी पोचते आणि जास्त हवा आत लोटते. आपल्याला वर्गात शिकवलेला ध्वनीचा धडा तो हाच!

पण त्याच लॉस एंजेलिसवर धुरकट हवेची छाया पसरली होती. हवेत मिसळलेल्या गाड्यांच्या धुरावर ऊन पडून हे धुरकं तयार होतं, हे रसायनशास्त्रज्ञ एरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या सुमारास दाखवून दिलं. १९६७ साली कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापलं. त्याचे पहिले अध्यक्ष हागेन-स्मिटच झाले. पुढे प्रदूषणाचे नियम लागू असलेल्या रस्त्यावरच्या गाडीला असा बाहेरचा मॅनिफोल्ड बसवायचा, तर त्याने प्रदूषण वाढत नाही हे दाखवून मंडळाची मंजुरी घेणं आलं. पाना आपला, गाडी आपली; हवा मात्र सगळ्यांची. मला हा नियम त्या तरुणांच्या विरोधातला वाटत नाही. धूर कमी कसा करायचा, हे शोधायलाही इंजिन उघडून पाहणारेच लागले.

आज बॉनेट उघडलं की बहुतेक गाड्यांत प्लॅस्टिकचं झाकण दिसतं आणि इंजिनाचे निर्णय आमच्यासारख्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम घेतात. आपल्या मुलांना आत डोकावायची जागाच कमी उरली आहे. म्हणून मित्रमैत्रिणींनो, घरात बंद पडलेला मिक्सर असेल, तर तो भंगारात देण्याआधी एक रविवार मुलांच्या हाती द्या. प्लग मात्र काढून ठेवा. मुलींच्या हातीही पाना द्या, हे वेगळं सांगते, कारण ते अजून सांगावं लागतं. आणि आमचे 'असं का?' हे प्रश्न तास संपल्यावरही ऐकून घेणाऱ्या गुरुजनांना सादर नमस्कार.