पाणी गेलं, पण कुठे?

पावसात बाइक बंद पडली की मेकॅनिक, शेजारी आणि टपरीवरचा अनोळखी माणूस, तिघेही एकच निदान करतात: "पाणी गेलं." कुठे गेलं, हे सहसा कुणी सांगत नाही. मला या वाक्याचा मागोवा घ्यावासा वाटला, कारण गेल्या सव्वाशे वर्षांत मोटरसायकलमध्ये पाणी शिरायची जागा बदलत गेली आहे. आणि जागा बदलली तसा ते पाणी काढणारा माणूसही बदलला.

सुरुवात ठिणगीपासून करावी लागते. १८९७ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या जर्मनीतल्या कारखान्यात एका तीनचाकी मोटरगाडीला मॅग्नेटो बसवला गेला. मॅग्नेटो म्हणजे फिरत्या इंजिनावर स्वतःच वीज तयार करणारं यंत्र, बॅटरीची गरज नाही. १९०२ मध्ये त्याच कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग तयार केला. पावसाशी भांडण सुरू झालं ते इथून. प्लगला ठिणगी पाडायला दहा-पंधरा हजार व्होल्ट लागतात. एवढ्या दाबाची वीज वायरीतून जाताना सतत पळवाट शोधत असते. शुद्ध पाणी तिला फारशी वाट देत नाही, पण रस्त्यावरचं पाणी शुद्ध कधी असतं? धूळ, तेल आणि किनाऱ्याजवळ मीठ मिसळलेला ओलसर थर प्लगच्या वायरीवर बसला की वीज प्लगपर्यंत जायच्या आधीच इंजिनाच्या लोखंडात उतरते. इंजिन आधी फटफटतं, मग मिसतं, मग गप्प होतं.

पुढे अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची जोडणी मोटारींसाठी रूढ केली. १९५५ मध्ये मद्रासमध्ये रॉयल एनफील्डची बुलेट तयार होऊ लागली, तिचीही ठिणगी याच पद्धतीची. इंजिनाच्या अंगाला एक डबी, डबीत दोन छोटे धातूचे तुकडे, म्हणजे पॉइंट. ते मिटतात-उघडतात, आणि दर उघडण्याला एक ठिणगी. दोघांमधलं अंतर साधारण ०.४ मिलिमीटर. एवढ्याशा फटीत दमट हवेचा थर किंवा पाण्याचा थेंब बसला की संपलं.

माझ्या वडिलांकडे सावंतवाडीत अशीच एक जुनी बुलेट होती. आंबोलीचा घाट त्यांच्या कामाचा रस्ता, आणि आंबोलीत वर्षाला सातशे सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यांच्या पिशवीत प्लगचा पाना, पॉलिश पेपरचा तुकडा, कोरडं फडकं आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा कायम असायचा. ट्यूब प्लगच्या कॅपवर रेनकोटासारखी चढवायची. घाटात रात्री गाडी मिसायला लागली की ते टॉर्च लावत नसत, उलट विझवत. अंधारात प्लगच्या वायरीवर निळ्या ठिणग्या वळवळताना दिसल्या की वीज कुठून पळते ते कळायचं. मग तिथेच फडकं. लहानपणी मला ही जादू वाटायची. आता वाटतं, तो शुद्ध भौतिकशास्त्राचा प्रयोग होता, फक्त प्रयोगशाळेचं छप्पर गळकं होतं.

जुन्या गाड्यांचं गुणगान मात्र मला सरसकट मान्य नाही. "तेव्हाच्या गाड्या साध्या होत्या, रस्त्यात दुरुस्त व्हायच्या" हे खरं, पण त्या रस्त्यात दुरुस्त कराव्या लागायच्या हेही खरं. शिवाय त्या काळच्या कित्येक गाड्यांची वीज सहा व्होल्टची होती, त्याचा हिशेब पाहा. ३५ वॅटचा हेडलाइट सहा व्होल्टवर जवळपास सहा अँपिअर खेचतो, बारा व्होल्टवर त्याच्या निम्मे. एखाद्या सांध्यात ओलाव्याने गंज धरला, तर त्याच गंजात सहा व्होल्टच्या गाडीचा दाब दुप्पट पडतो. तोही मुळात निम्म्याच दाबातून. म्हणजे त्याच गंजाचा फटका चौपट. पावसाळ्यात त्या दिव्यांचा उजेड चिमणीसारखा पिवळा का पडायचा, त्याचं मोठं कारण हे. अनेक हलक्या गाड्यांचा हेडलाइट तर थेट मॅग्नेटवर चालायचा. पाण्याने इंजिन बंद पडलं की दिवाही त्याच क्षणी गेला. घाटाचं वळण, मागून ट्रक आणि समोर काळोख. साधेपणाची ही किंमत आठवणींत कुणी लिहीत नाही.

१९८५ मध्ये यामाहाची आरएक्स १०० आली आणि तिच्यासोबत सीडीआय नावाची काळी पेटी हजारो घरांत आली. कावासाकीने १९६९ मध्येच आपल्या ५०० सीसीच्या एच१ गाडीला ती बसवली होती. एकमेकांना टेकणारे पॉइंटच नाहीत, चुंबक जवळून गेला की इशारा मिळतो, आणि आतले भाग राळेत बुजवलेले. पावसाचा एक मोठा दरवाजा कायमचा बंद झाला. पण गॅरेजांत नवं निदान जन्माला आलं: "सीडीआय गेला." पेटी उघडता येत नाही, म्हणून दोष तिच्यावर ढकलणं सोपं. मी पाहिलेल्या बऱ्याच 'गेलेल्या' पेट्या ठणठणीत होत्या. पाणी असायचं प्लगच्या कॅपमध्ये, किल्लीच्या स्विचमध्ये किंवा हँडलवरच्या किल स्विचमध्ये.

जाता जाता: आज प्रत्येक गॅरेजात दिसणारा निळा-पिवळा डब्ल्यूडी-४० चा डबा मूळचा गाड्यांसाठी नव्हताच. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगोत क्षेपणास्त्र उद्योगासाठी तो बनवला गेला. नावाचा अर्थ पाणी हटवणारं मिश्रण, चाळिसावा प्रयत्न. ॲटलस क्षेपणास्त्राची कातडी गंजू नये म्हणून जे वापरलं, तेच आपण स्प्लेंडरच्या स्विचवर मारतो.

मग नियम आले. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे चाकाजवळ सेन्सर. २०२० मध्ये भारत स्टेज ६ आलं आणि बहुतेक मोटरसायकलींचा कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. आता गाडीत दहा-पंधरा हजार व्होल्टची एखादीच वायर, पण पाच व्होल्टवर कुजबुजणाऱ्या कितीतरी. त्यांना जोडणारे प्लास्टिकचे कप्लर, त्यांत रबरी सील. सील शाबूत असेल तर धो-धो पावसातही काही होत नाही. नव्या गाड्या जुन्यांपेक्षा पावसात कितीतरी कमी बंद पडतात, हे मान्य करावंच लागतं.

पण वॉशिंग सेंटरवर जोराच्या फवाऱ्याने टाकीखालचा भाग 'स्वच्छ' करून घेतला की जे पावसाला जमलं नाही ते फवाऱ्याला जमतं. पाणी सील ओलांडून आत जातं आणि तिथेच राहतं. गाडी त्या दिवशी बंद पडत नाही. तीन आठवड्यांनी, कोरड्या दुपारी पडते. तोवर पिनांवर हिरवा थर धरलेला असतो. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकतं म्हणून आजी ओरडायची, हा तोच कळंक. आता अंधारात निळ्या ठिणग्या दिसत नाहीत. मीटरवर पिवळा दिवा लागतो आणि तो काय म्हणतो ते स्कॅनर असलेल्यालाच नीट वाचता येतं. स्कॅनर 'सेन्सर खराब' म्हणतो, नवा सेन्सर बसतो, आणि कळकलेली पिन तशीच राहते.

म्हणून मी पावसाआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, किल्ली बंद करून बॅटरीची वायर काढतो. हाताला लागतील ते कप्लर उघडतो, कोरडे करतो, रबरावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावून टिचकन बंद करतो. आणि एक गोष्ट वायरमनकडून उचललेली. घरात शिरणाऱ्या सर्व्हिस वायरीला तो भिंतीआधी खाली झोळ ठेवतो, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी आत न जाता झोळाच्या तळाशी ठिबकतं. टाकीखालच्या वायरीही मी तशाच बांधतो: कप्लर वर, झोळ खाली.