दुरुस्तीखालची नावं

नाशिकच्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्यात, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे दोन हुकूम कोरलेले आहेत. राज्यवर्ष १८ मध्ये त्याने इथल्या भिक्षूंना अपरकखडी गावचं २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत दिलं. वर्ष २४ चा हुकूम सांगतो, की कखडीचं शेत कोणी कसत नाही, गावही ओस आहे. म्हणून शहराच्या शिवेवरची १०० निवर्तनं राजजमीन द्यावी. आधीचं दान फुकट गेलं, हे राजानेच दगडावर लिहून ठेवलं. शिवाय नावं आहेत: आज्ञा तोंडी, पहिला लेख अमात्य शिवगुप्ताने लिहिला, दुसरा प्रतिहारी लोटा हिने, अंमल आधी तापसाने केला, नंतर सुजीविनने.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, नावं लावायची ही शिस्त फार उशिरा लागली. दोन्हींत वंशाचं नातं नाही, गरज मात्र तीच. २००३ मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला आणि कर्नलमधला कोड आला कुठून, हा वाद कोर्टात गेला. मे २००४ मध्ये कर्नलचे मूळ लेखक लिनस टोरवाल्ड्सनी प्रत्येक बदलाखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ आणली: हा कोड द्यायचा मला हक्क आहे, असं सही करणारा त्यातून सांगतो.

‘रिव्ह्यूड-बाय’ ही बदल तपासणाऱ्याची ओळ त्यानंतरची, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. उदाहरणार्थ, बूट होताना कर्नल प्रत्येक प्रोसेसरसाठी मेमरीचा वेगळा तुकडा राखतो. त्यातली एखादी जागा भरण्याआधीच वाचली, तर तिथे पडलेला जुना कचरा खरा धरला जाऊ शकतो. मशीन कितीदा तरी नीट सुरू होतं आणि एखाद्या दिवशी अडकतं. दुरुस्ती कधीकधी एका ओळीची असते. पण रिव्ह्यू करणाऱ्याचं त्या ओळीवर भागत नाही. दुसरा प्रोसेसर जागा होण्याआधी ती चालते ना? प्रोसेसर बंद करून पुन्हा चालू केला तर? मेमरी मिळालीच नाही तर? एवढं पाहून मग नाव लावायचं. ही हमी नव्हे, असं कर्नलचे नियमच सांगतात. मी तपासलं, शंका कळवल्या, बदल घेण्याजोगा वाटतो, एवढंच ते नाव म्हणतं.

सोबत ‘फिक्सेस’ची ओळ येते. ज्या जुन्या बदलाने बिघाड आणला त्याच्या, गिट या बदल नोंदवणाऱ्या प्रणालीतल्या, ओळखक्रमांकाची पहिली किमान १२ अक्षरं आणि शीर्षक तिथे लिहितात. जुन्या आवृत्त्या सांभाळणारे त्यावरून ठरवतात, दुरुस्ती कुठवर मागे न्यायची.