प्लॅटिनमची तार व तापमापनाची विश्वसनीयता

धातू तापला की त्याचा विद्युत्‌रोध वाढतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ज्ञात होते. त्यावरून तापमान मोजण्याची कल्पना मात्र तारायंत्राच्या व्यवसायातून पुढे आली. जहाजावर रचून ठेवलेली सागरी केबल आतल्या आत तापते की काय, हे पाहण्यासाठी विल्यम सीमेन्स यांनी 1860 च्या सुमारास तारेच्या रोधाचाच आधार घेतला, आणि 1871 च्या बेकरियन व्याख्यानात भट्टीच्या तापमानासाठी प्लॅटिनमचा पुरस्कार केला. हा धातू गंजत नाही व 1768 अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. निवड उचितच होती.

तथापि ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने 1874 मध्ये प्रतिकूल मत दिले. भट्टीतून काढलेली तार थंड झाल्यावर मूळ रोधावर परत येत नसे. जे उपकरण स्वतःच बदलते, त्याची साक्ष कोण मानणार? दशकभर त्याची पत गेली.

वस्तुतः दोष धातूचा नव्हताच. सीमेन्स यांची तार मातीच्या दांड्यावर गुंडाळून लोखंडी नळीत बसविलेली असे. तप्त अवस्थेत मातीतील सिलिका व भट्टीतील वायू यांनी ती दूषित होई. ह्यू कॅलेंडर यांनी केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत हे हेरले व 1887 च्या निबंधात मांडले. (कॅलेंडर यांनी गणिताच्या आधी ग्रीक-लॅटिनची पदवी घेतली होती, हे आम्हां भाषाभ्यासकांना सुखावणारे आहे.) त्यांनी शुद्ध तार अभ्रकाच्या पट्टीवर ताण न देता गुंडाळली. जोडतारांचा रोधही तापमानानुसार बदलतो. म्हणून तशाच तारांची दुसरी, वेटोळे नसलेली जोडी शेजारी ठेवून ती मोजणीसेतूच्या लगतच्या भुजेत जोडली. त्यामुळे जोडतारांचा परिणाम परस्पर नाहीसा होई. प्रस्तुत लेखकास ही युक्ती शुद्ध तारेइतकीच मोलाची वाटते. आज तेच कार्य चार तारांची जोडणी करते: दोन तारांतून प्रवाह जातो, दोन दाब मोजतात.

1927 च्या आंतरराष्ट्रीय तापमानश्रेणीत या तापमापकास अधिकृत स्थान मिळाले. 1990 च्या श्रेणीत 13.8033 केल्विनपासून 961.78 अंश सेल्सिअसपर्यंत तोच प्रमाण आहे. कारखान्यातील नेहमीच्या संवेदकाचा रोध शून्य अंशाला 100 ओहम, तर शंभर अंशांना 138.51 ओहम असतो.

प्रमाण-तापमापकात तार आजही सैलच ठेवतात. साहजिकच ती धक्का सोसत नाही: उपकरण आपटले की तार ताठरते व शून्य अंशाचा रोध वाढतो. म्हणून एका प्रयोगशाळेतून दुसरीकडे ते पुष्कळदा कोणी तरी हातातूनच नेतो.