खालच्या जबड्यातील साधी गाठ : निदान, उपचार आणि फाइलवरचा कोड

जबड्याला सूज आहे पण दुखत नाही, म्हणून बरेच रुग्ण महिनोन् महिने थांबतात. खालच्या जबड्यातील अनेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण त्यांतल्या काही आतून हाड पोखरत जातात. म्हणून दुखत नसले तरी तपासणी करून घ्या.

कधी दाखवावे?
- जबड्याच्या एका बाजूला कडक सूज येणे
- दात हलणे किंवा जागा सोडणे, कवळी नीट न बसणे
- दात काढल्यानंतर जखम न भरणे

खालचा ओठ बधिर झाला, सूज झपाट्याने वाढली किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर लगेच दाखवा. तंबाखू किंवा गुटखा खात असाल तर अजिबात थांबू नका.

निदान कसे होते?
आधी संपूर्ण जबड्याचा एक्स-रे (ओपीजी) काढतात. गाठ मोठी असल्यास सीटी स्कॅन करतात. आत रक्तवाहिन्यांची गाठ तर नाही ना, हे पाहण्यासाठी काही वेळा आधी सुई घालून बघतात. त्यानंतर बायोप्सी, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणी. नक्की निदान बहुतेक वेळा या अहवालावरच होते.

उपचार
उपचार गाठीच्या प्रकारावर ठरतो. ओडोन्टोमा पूर्ण काढली की सहसा परत होत नाही. अमेलोब्लास्टोमा हा कर्करोग नाही. पण ती नुसती खरवडून काढली तर परत येण्याची शक्यता बरीच असते. म्हणून अनेकदा गाठीभोवतीचे १ ते २ सेंटिमीटर निरोगी हाडही काढावे लागते. मग प्लेट बसवून किंवा पायाचे हाड वापरून जबडा पुन्हा उभारतात. ही गाठ बऱ्याच वर्षांनीही उलटू शकते, म्हणून बरे वाटले तरी वर्षानुवर्षे ठरलेल्या तारखेला तपासणीला जा.

कोड काय सांगतो?
आयसीडी-१० या आंतरराष्ट्रीय यादीत खालच्या जबड्याच्या हाडाच्या साध्या गाठीचा कोड डी १६.५ आहे. खालच्या जबड्याच्या हाडाच्या कर्करोगाचा कोड सी ४१.१, तर दाताच्या मुळाशी होणाऱ्या सिस्टचा के ०४.८. फाइलवर 'डी १६.५' दिसला तर घाबरू नका. मात्र तो बायोप्सीच्या अहवालाशी जुळतो का, हे डॉक्टरांना विचारा. कोड चुकला तर विम्याचा दावा अडकू शकतो.

धाराशिव जिल्ह्यातील रुग्णांसाठी
पहिली तपासणी जवळच्या दंतवैद्याकडे किंवा शासकीय रुग्णालयाच्या दंत विभागात करा. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी जावे लागू शकते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधीच विचारा. रेशनकार्ड, आधारकार्ड, एक्स-रे आणि बायोप्सीचा अहवाल सोबत ठेवा. शस्त्रक्रियेनंतरही हे कागद जपून ठेवा; पुढच्या तपासण्यांत डॉक्टरांना तुलनेसाठी ते लागतात.